वास येत नाही? तपासणीत या चुका टाळा

सर्वात मोठी चूक घरातच होते. कुणी म्हणालं, "मला वास येत नाही," की आपण त्याच्या नाकाखाली विक्स नाहीतर कापूर धरतो. नाकात झणझणलं, की घरचे निर्धास्त! पण ती झणझण वासाच्या नसेची नव्हेच. थंडावा, जळजळ, तिखटपणा कळतो तो चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेमुळे, आणि वास पूर्ण गेलेल्या माणसातही ती सहसा शाबूत असते. अशा खोट्या दिलाशात महिने जातात, याचंच फार वाईट वाटतं. अंदाज घ्यायचाच तर कॉफीची पूड, गुलाबपाणी, व्हॅनिला असे वास डोळे मिटून, एकेका नाकपुडीने घेऊन बघा. दोन्ही एकदम उघड्या ठेवल्या तर चांगली बाजू बिघडलेलीला झाकून टाकते.

दुसरी गफलत म्हणजे "तोंडाची चव गेली" एवढंच डॉक्टरांना सांगणं. मीठ, साखर, लिंबू, कारलं नीट कळतंय, पण आमटी-भाजी सगळी सारखीच लागते? मग दोष बहुधा जिभेचा नाही, नाकाचा आहे. कान-नाक-घसा विभागात जा. मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत तो आहे.

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेल्या, वास ओळखण्याच्या चाचणीत ४० वास असतात. कागद खरवडायचा, हुंगायचा, चार पर्यायांतून एक निवडायचा. काही कळलं नाही तरी जागा कोरी सोडू नका. नुसत्या अंदाजानेही साधारण १० उत्तरं बरोबर येतात, आणि गुणांचा अर्थ तो हिशोब धरूनच लावतात. मात्र त्यात रूट बिअर, जिंजरब्रेड असे अमेरिकी खाण्यापिण्यातलेही वास आहेत. वरळी कोळीवाड्यातल्या आजींनी ते कधी हुंगलेलेच नसतील, तर नाक ठणठणीत असूनही गुण कमी पडतील. "हा वास ओळखीचाच नाही," असं स्पष्ट सांगा. वास किती फिका असेपर्यंत जाणवतो हे मोजणाऱ्या चाचणीत नाव ओळखावं लागत नाही. ती करता येईल का, हेही विचारा.

जाण्याआधी अत्तर लावू नका, पान-सिगारेट टाळा. सर्दी झाली असेल तर आधीच सांगा.

अहवालाची वाट बघत गॅसचा अलार्म लांबणीवर टाकू नका. गळती कळावी म्हणून गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला वासच तुम्हाला येणार नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून अलार्म जमिनीलगत बसवा. पाइपचा गॅस हलका, म्हणून छताजवळ.