कॅम्पर, मोटरहोमसाठी जीपीएस घेताय? या चुका टाळा

पुण्यात ट्रॅव्हलरचा कॅम्पर करून घेणारे आता बरेच दिसतात, आतल्या बेड-किचनवर महिनोन्‌महिने डोकं चालवतात आणि रस्त्यासाठी मात्र फोनवरचं गुगल मॅप. पहिली चूक हीच. त्यात कार आहे, बाईक आहे, पण गाडीची उंची, रुंदी, वजन टाकायची सोयच नाही, मग ट्रॅफिक चुकवायच्या नादात नारायण पेठेतल्या एखाद्या गल्लीत गाडी घुसली की वळायला जागा नाही आणि मागे रिक्षांची रांग. गार्मिन, टॉमटॉम या कंपन्यांचे खास कॅम्परसाठीचे जीपीएस सेट असतात, फोनवर सिजिकचं ट्रकवालं ॲप आहे, यात मापं भरता येतात.

पण खरा घोळ मापं भरतानाच होतो. ब्रोशरमधली उंची टाकू नका, त्यात नंतर बसवलेला टपावरचा एसी, सोलर पॅनल, कॅरिअर काहीच धरलेलं नसतं. गाडी सपाट जागेवर लावा, टपावरच्या सगळ्यात उंच वस्तूवर आडवी सरळ पट्टी धरून जमिनीपर्यंत टेप लावा, आणि हे गाडी रिकामी असताना करा, कारण सामान भरलं की स्प्रिंग दबतात, म्हणजे रिकामी गाडीच जास्त उंच भरते. वर 10 सेंमी जास्तीचे धरा.

आणि फूट-इंच! नऊ फूट अकरा इंच म्हणजे 3.02 मीटर, पण लोक सरळ 9.11 टाइप करतात, ते होतात 2.78 मीटर. जवळजवळ पाव मीटरचा फरक, एवढ्यात एसी पुलाला घासतो. सेटिंगमध्ये मीटर लावा आणि मीटरमध्येच भरा, विषय संपला.

वजन आरसीवरचं रिकाम्या गाडीचं टाकू नका. पाण्याची 100 लिटरची टाकीच 100 किलोची होते, त्यात माणसं, सिलेंडर, सामान, तेव्हा भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर नेऊन आणा. मागे सायकलचा रॅक असेल तर लांबीतही तो धरायचा.

बाहेरून सेट मागवताना लोक नकाशा बघतच नाहीत. युरोपचा नकाशा असलेला सेट कात्रजला काय कामाचा? भारताचा नकाशा असला तरी त्यात पुलांच्या उंच्या भरलेल्या असतीलच असं नाही, आणि नकाशात जे नाही त्याची वॉर्निंग कुठलंच मशीन देऊ शकत नाही. म्हणून पैसे देण्याआधी टेस्ट घ्या: उंचीचा बोर्ड असलेला, तुमच्या माहितीतला एखादा रेल्वेखालचा अंडरपास निवडा, मशीनमध्ये त्याहून जास्त उंची भरा आणि त्याच्या अलीकडून पलीकडे जायचा रूट मागा. दुसरीकडून नेलं तर ठीक, सरळ त्यातूनच नेलं तर आपल्याकडे तरी त्या उंचीच्या फीचरसाठी जादा पैसे घालू नका.

सेट घेतल्यावरही नको त्या रस्त्याला नेत असेल तर आधी बघा की प्रोफाइल कारवर तर नाही ना, रिसेट केल्यावर मापं उडालेली असतात. मग ‘सर्वात जवळचा रस्ता’ बंद करा, तो हमखास बारीक रस्ते शोधतो. पावसाळ्यात वरंध घाट बऱ्याचदा बंद असतो, शहरात जड वाहनांना ठरावीक वेळी बंदी असते, या गोष्टी निघण्याआधी बातम्यांत किंवा वाहतूक पोलिसांच्या पोस्टमध्ये बघून घ्यायच्या.