विलायतेत पोरांना धावायला शिकवायचंय?

शिकायला इंग्लंडला निघालात आणि तिथे मुलांच्या अ‍ॅथलेटिक्स क्लबमध्ये फुकट मदत करायची असेल, तर मुंबई सोडण्याआधी एक काम उरकून घ्या: पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतं. इंग्लंडमध्ये मुलांबरोबर काम करायचं तर डीबीएस नावाची, गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी होते. स्वयंसेवकाला तिची फी पडत नाही, पण ती तिकडच्याच नोंदी बघते. तुम्ही काल-परवा उतरलेले, त्यामुळे क्लब मायदेशातला दाखला मागू शकतो. तिथे बसून तो मागवणं म्हणजे डोक्याला ताप. डीबीएसच्या अर्जासाठी गेल्या पाच वर्षांचे पत्तेही लिहून ठेवा, अंधेरीच्या पीजीपासून सगळे.

दुसरी गोष्ट व्हिसाची. स्टुडंट व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा कोच म्हणून काम करायला मनाई आहे. कुणी प्रेमाने पेट्रोलखर्चाच्या नावाखाली पाकीट पुढे केलं तरी घेऊ नका. फुकट मदत करायची असली तरी आधी विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

सुरुवात ज्युनिअर पार्करनपासून, म्हणजे बागेत होणाऱ्या मुलांच्या धावण्यापासून करावी असं माझं मत. रविवारी सकाळी, 2 किलोमीटर, 4 ते 14 वर्षांची मुलं. अनुभव कुणी विचारत नाही. झगझगीत रंगाचं जॅकीट घालून वळणावर उभं राहायचं, टाळ्या वाजवायच्या, पळून आलेल्या मुलांचे बारकोड स्कॅन करायचे. दोन-तीन महिन्यांत चेहरे ओळखीचे होतात आणि त्यातलंच कुणी तुम्हाला जवळच्या अ‍ॅथलेटिक्स क्लबमध्ये घेऊन जातं. माझी तिथली निम्मी माणसं अशीच जोडली गेली. नुसत्या तिकडच्या मराठी मंडळाच्या गणपतीवर वर्ष निघत नाही हो.

क्लबमध्ये गेल्यावर मात्र आपला मुंबईचा बाज जरा घडी करून ठेवावा लागतो. शिवाजी पार्कात सर म्हणजे सर. ओरडले, कान धरला, तरी आईबाप वर पेढे देतात. तिकडे आठ वर्षांचं पोरगं तुम्हाला सरळ नावाने हाक मारेल. मनाला लावून घेऊ नका. मुलाबरोबर एकटं थांबायचं नाही, पाऊस असला तरी गाडीतून घरी सोडायचं नाही, निरोप द्यायचा तो पालकांना, मुलाच्या फोनवर नाही. फोटो तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. आपल्यावर संशय घेतात असं पहिल्यांदा वाटतं. नियम सगळ्यांना सारखे आहेत, वीस वर्षं शिकवणाऱ्या आजोबांनाही.

सगळ्यात जपायचं ते जिभेला. "थोडं वजन उतरव, मग बघ कशी पळशील," हे आपल्याकडे मायेनेच म्हटलं जातं. वाढत्या वयाच्या मुलीला हे वाक्य कधीही, कुठेही ऐकवू नये. पळणाऱ्या मुली त्यामुळे खाणं तोडतात, पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात. मुंबईतल्या कोचांनीही हे सोडायला हवं, पण तो वेगळा विषय. तसंच बाराव्या वर्षी जो सगळ्यांना मागे टाकतो तो बहुतेकदा लवकर उंच झालेला असतो, एवढंच. मागे राहिलेल्याला टिकवणं हे खरं काम. गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेत दुखतंय म्हणाला, तर "चालतंय, पळ" म्हणू नका. झपाट्याने उंची वाढताना तिथे खरंच दुखतं. त्याला थांबवा आणि पालकांना सांगा. आपलेच मराठी आईबाप विचारतील, "बारावं लागलंय, 10 किलोमीटरला उतरवू का?" रस्त्यावरच्या 10 किलोमीटरला तिकडे वयाची अट 15 आहे, मॅरेथॉनला 18. बरं पडतं, वाईटपणा नियमावर ढकलता येतो.

वॉर्म-अपला आपले खेळ काढा. विष-अमृत त्यांना दुसऱ्या नावाने येतंच. खो-खो शिकवलात तर पोरं सोडणार नाहीत: बसल्या जागेवरून सुटायचं, झपकन दिशा धरायची, कान उघडे ठेवायचे, स्प्रिंटला लागणारं सगळं त्यात आहे. रांगेत कुणी उभं राहू नये एवढं पाहा. डिसेंबरात चार वाजता अंधारतं, संध्याकाळचा सराव फ्लडलाइटखाली चालतो. मुलं अर्ध्या चड्डीत पळून घामाघूम, गारठतो तो स्टॉपवॉच धरून उभा असलेला कोच. म्हणून दोन जोड हातमोजे, कानटोपी आणि थर्मल लागतंच. पहाटे पाचला घामाने निथळणाऱ्या मुंबईकराला हे पटत नाही. हिवाळ्यात ट्रॅकपेक्षा क्रॉस-कंट्री, म्हणजे माळरानातलं पळणं जास्त, आणि तिथे चिखल. जुने बूट टाकू नका.

हात बसला की इंग्लंड अ‍ॅथलेटिक्स या तिथल्या संघटनेचा कोचिंग असिस्टंटचा कोर्स करा. फी पुष्कळदा क्लब भरतो, पण आपण होऊन सांगत नाहीत. खिशातून भरण्याआधी विचारा.