धंदा कागदावर आणताना या चुका टाळा

घरगुती मसाल्यांपासून गल्लीतल्या गॅरेजपर्यंत असंख्य धंदे वर्षानुवर्षे नोंदणीविना चालतात. ते कायद्याच्या चौकटीत आणताना होणाऱ्या बहुतेक चुकांमागे लबाडी नसते, घाई असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गरज नसताना जीएसटी क्रमांक घेणे. महाराष्ट्रात केवळ मालाची विक्री करणाऱ्याची वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आणि सेवा देणाऱ्याची 20 लाखांच्या वर गेली, की नोंदणी सक्तीची होते. परराज्यात माल पाठवणाऱ्याला मात्र सहसा ही सवलत नसते. ‘असलेला बरा’ म्हणून क्रमांक घेतला, तर विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावेच लागते आणि ते राहिले की विलंब शुल्क दिवसागणिक चढत जाते. कंपोझिशन योजना (छोट्या व्यापाऱ्याने उलाढालीवर ठरावीक दराने स्वतःच कर भरण्याची सोय) निवडलेल्यांचे आणखी एक दुखणे आहे. छापखानेवाला जुन्या नमुन्यावरून बिलबुकात कराचे रकाने टाकून देतो, दुकानदार ते इमानदारीने भरतो, आणि या योजनेत ग्राहकाकडून कर वेगळा घेताच येत नाही, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरी चूक गल्ल्याजवळच दिसते. तिथला क्यूआर कोड मुलाच्या बचत खात्याचा असतो. त्यात विक्रीचे पैसे, भिशीची रक्कम आणि पाहुण्यांनी परत केलेली उसनवारी एकत्र पडते. जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआय व्यवहारांच्या आधारे छोट्या व्यापाऱ्यांना कराच्या नोटिसा आल्या, तेव्हा अनेकांनी कोड काढून रोखीचा आग्रह धरला. उलाढाल रोखीची असली तरी ती उलाढालच असते, त्यामुळे हा उपाय नव्हे. चालू खाते वेगळे काढावे, जुन्या खात्यातील प्रत्येक मोठ्या जमेपुढे कारण लिहून ठेवावे आणि नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यावे. केवळ ताजी भाजी विकणाऱ्याला तर जीएसटी नोंदणीच लागत नाही, पण तेही उत्तरात सांगावे लागते.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारदरबारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. एजंटाला हजार-दोन हजार देऊ नयेत. महाराष्ट्रात मोजकेच कामगार असल्यास गुमास्त्यासाठी (दुकान-आस्थापना नोंदणीसाठी) ऑनलाइन सूचना पुरते. खाद्यपदार्थांचा परवाना मात्र स्वतंत्र घ्यावा लागतो. उद्यम प्रमाणपत्र त्याची जागा घेत नाही.

कर्जासाठी मागच्या तारखांची बिले बनवून उलाढाल फुगवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो धुडकावून लावावा. तीच उलाढाल पुढे कराच्या हिशेबात धरली जाऊ शकते.