अण्णांची विडी आणि अडतीस पायऱ्या

आमची खोली दहा बाय पंधरा, परळच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. तेवढ्यात आम्ही पाच जण, ओटा, मोरी, लोखंडी कॉट आणि अण्णांची विडी. अण्णा म्हणजे माझे सासरे. १९८२ च्या संपापर्यंत कापडगिरणीत, साचेखात्यात म्हणजे मागांवर होते. संप गेला, गिरणी गेली, विडी राहिली. दिवसाला एक कट्टा. धाकट्याला तिसऱ्या वर्षी दम लागायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी वाफेचं मशीन लिहून देता देता विचारलं, "घरात कोण ओढतं?"

आम्ही आधी काय काय वेडेपणा केला तो सांगते, म्हणजे तुमचे सहा महिने वाचतील. मोरीचं दार लावून ओढणं: दाराला खाली चार बोटं फट, धूर तिथून थेट मुलाच्या गादीवर. खिडकी उघडून पंखा लावणं: धूर खोलीभर नीट पसरतो, बाकी काही नाही. गॅलरीत उभं राहणं: अर्धा वाऱ्याने परत आत, अर्धा शेजारच्या काकूंच्या घरात. वर उदबत्ती लावणं: वास दबतो, धूर वाढतो. हप्त्यावर घेतलेला एअर प्युरिफायर: कण बऱ्यापैकी अडतात, धुरातले सगळे वायू नाही अडत. मूल शाळेत असताना ओढणं हाही उपाय नाही, कारण निकोटिन पडद्याला, गोधडीला, भिंतीला चिकटून बसतं. तंबाखूच्या धुरात ७००० च्या वर रसायनं असतात, त्यातली किमान ६९ कॅन्सर करणारी. अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यप्रमुखाने, २००६ च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की वेगळी खोली किंवा हवा खेळती ठेवणं यानं बचाव पुरता होत नाही आणि या धुराचं 'इतकं चालेल' असं काही मापच नाही. म्हणून नियम एकच: घरात नाही, मोरीत नाही, गॅलरीतही नाही. 'फक्त पावसात' अशी सवलत दिलीत की संपलं.

आता हे बोलायचं कोणी आणि कसं. मी सहा वर्षं "अण्णा, सोडा ना" म्हणत होते. सुनेनं म्हटलेलं ते, ऐकलं जायचं आणि तिथंच राहायचं. यावेळी नवऱ्याला पुढे केलं. मूल खोकत असताना नाही, संध्याकाळच्या चहानंतर. आणि 'सोडा' हा शब्दच काढायचा नाही असं ठरवून.

"सोडा म्हणत नाही अण्णा, खाली जाऊन ओढा."

"या वयात अडतीस पायऱ्या उतरू?"

"खात्यात कापसाशेजारी कधी पेटवलीत?"

"तिथं काय, नोकरीच गेली असती."

पुढे कोणी काही बोललं नाही. हल्ली अण्णा वर आले की विचारतात, "आमचा कापूस झोपला का?"

मुहूर्त गणपतीचा धरला. घरात गणपती असले की पाच दिवस ते तसेही खालीच जातात. विसर्जनाच्या रात्री विडी परत वर आली नाही, इतकंच नवीन.

पण नुसतं सांगून माणूस खाली जात नाही, तिथं बसायची सोय लागते. जिन्याखाली स्टूल ठेवलं, थोटकांना वाळू भरलेला डबा. दाराबाहेर खिळ्याला छत्री आणि एक जुना सदरा. विडी आणि काडेपेटी बिस्किटाच्या डब्यात, चौकटीच्या वर, मुलांचा हात पोचणार नाही तिथं. ओढून झाल्यावरही थोडा वेळ श्वासातून धूर येत राहतो, म्हणून शेवटच्या झुरक्यानंतर थोडं तिथंच बसायचं. वर आलं की सदरा खिळ्याला, हात-तोंड धुवायचं, मग नातू.

खरी अडचण पहाटे तीनची. झोप मोडते, तलफ येते, जिन्यात अंधार. अण्णांना बीपी आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम, म्हणजे विडीची तलफ भागवणारा च्युइंगम, आणला. तो पानासारखा चघळत राहायचा नसतो. थोडा चावून गालात धरायचा, चव गेली की परत चावायचा.

पंधरा दिवसांनी अण्णांनी माझ्यावर बाजू उलटवली. "माझी विडी खाली, आणि तुझी ती कॉइल?" बरोबर होतं त्यांचं. २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघाल्याचं दिसलं होतं. कॉइल बंद केली, मच्छरदाणी आणली. दहा बाय पंधरात ती बांधायची कुठं यावर वेगळा लेख होईल.

पाहुण्यांचं म्हणाल तर कायदा कामाला येत नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून स्टेशन, ऑफिस, हॉटेलात ओढलं तर २०० रुपयांपर्यंत दंड आहे, पण घरातला हवालदार आपणच. नणंदेचे यजमान आले, कॉटवर बसून पाकीट काढलं. जावयाला बोलणार कोण? अण्णाच उठले, "चला जावईबापू, खाली जाऊ." तेव्हापासून ओढणाऱ्या पाहुण्यांचं खातं त्यांच्याकडे. तुमच्याकडेही ओढणाऱ्यालाच हे काम द्या.

साफसफाई एकदाच, पण कसून. पडदे गरम पाण्यात, गोधड्या गच्चीवर उन्हात, भिंती रंगाआधी साबणाने पुसून, नाहीतर पिवळे डाग नव्या रंगातून वर येतात. पंख्याची पाती पुसली तेव्हा बादलीतलं पाणी चहासारखं झालं. अण्णांनी ते पाहिलं आणि बादली स्वतःच मोरीत ओतली.

विडी सुटलेली नाही. जिने मोजावे लागतात म्हणून कट्टा दोन दिवस पुरतो. सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे, फुकट: १८००-११-२३५६. तो मी बिस्किटाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय. त्याबद्दल मी विचारत नाही, तेही काही सांगत नाहीत.