एकट्याने सायकलवर: बेळगाव ते राकसकोप

बेळगावच्या पश्चिमेला बेळगुंदीमार्गे राकसकोप जलाशयाकडे जाणारा रस्ता एकट्याने सायकल चालवणाऱ्यास सोयीचा आहे, कारण शहराला पाणी पुरवणाऱ्या मार्कंडेय नदीवरील या धरणापर्यंत सकाळच्या वेळेत जाऊन सहज परतता येते. पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडूनच येतो. त्यामुळे जाताना तो अंगावर घ्यावा लागतो, पण दमून परतताना पाठीशी राहतो. शहराच्या दक्षिणेला येळ्ळूरजवळ असलेल्या राजहंसगड किल्ल्याचा चढ मात्र पहिल्याच फेरीला घेऊ नये.

सोबत कोणी नसल्याने पंक्चर स्वतःला काढता आलेच पाहिजे. जादा ट्यूब, टायर सोडवण्याचे दोन लिव्हर आणि छोटा पंप जवळ ठेवावा. इकडच्या बांधांवरचा बाभळीचा काटा बाहेरून मोडतो आणि त्याचे टोक टायरमध्ये राहते. म्हणून नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतील बाजूने बोटे हळूच फिरवून ते टोक शोधून काढावे, नाहीतर दुसरी ट्यूबही वाया जाते. हवा किती भरावी, हे टायरच्या कडेवरच छापलेले असते, पण ते वाचतो कोण!

ऊसतोडणीच्या हंगामात भरलेल्या ट्रॉलीला ओलांडण्याची घाई करू नये, कारण उसाची टोके दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली असतात. वेंगुर्ला रस्त्याने बाची ओलांडून शिनोळीकडे, म्हणजे महाराष्ट्रात, जायचे असल्यास घरी मार्ग आणि परतीची वेळ सांगूनच निघावे. तांबड्या चिखलातून आल्यास साखळी पुसून, वाळवून त्याच दिवशी तेल द्यावे.