टर्कीसाठी पंप शॉटगन: पैसे काडतुसांवर, वेळ कागदावर

अमेरिकेत वसंतातला टर्कीच्या, म्हणजे त्या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीचा मोसम जवळ आला की बंदुकीच्या दुकानात काउंटरपलीकडचा माणूस दोन वस्तू हमखास गळ्यात मारतो: साडेतीन इंची काडतुसं आणि दुकानातला सगळ्यात अरुंद चोक, म्हणजे छर्रे एकत्र राहावेत म्हणून नळीच्या टोकाला बसवायचा निमुळता तुकडा. दोन्ही नको म्हणा. तीन इंची चेंबरची (चेंबर म्हणजे नळीत काडतूस बसतं ती जागा) साधी १२ गेज पंप बंदूक, म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस बदलायची छर्र्यांची बंदूक, ४० यार्डांवर टर्की पाडते. साडेतीन इंची बार सात पौंडांच्या बंदुकीतून काढलात की धक्का असा बसतो की पुढच्या बाराला चाप दाबायच्या आधीच डोळे मिटतात. मग नेम कसला नि काय कसला.

मी मिझुरीत शिकार करतो, म्हणून नियम तिथले सांगतो: छर्रा नंबर ४ पेक्षा मोठा नको (नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक), आणि मॅगझिन, म्हणजे जादा काडतुसं ठेवायची नळी, व चेंबर मिळून तीनच काडतुसं. काही सार्वजनिक क्षेत्रांत शिशाचे छर्रे चालत नाहीत. तुमच्या राज्याची पुस्तिका तुम्ही वाचा. आपल्या मंडळींसाठी एक जास्तीची गोष्ट. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने बंदूक बाळगायलाच बंदी आहे, आणि वैध शिकारीचं लायसन्स हाती असेल तर त्यातून सूट मिळते. म्हणजे लायसन्स आधी, बंदूक नंतर. त्याची मुदत संपली की सूटही संपली. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. मिझुरीत १ जानेवारी १९६७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीच्या शिक्षणाचा कोर्सही करावा लागतो.

बंदुकीला हात लावायच्या आधी एक गोष्ट डोक्यात बसवा. शॉटगन उडत्या पक्ष्यासाठी असते. तिथे डोळा पक्ष्यावर आणि बंदूक डोळ्यामागून जाते. टर्की जमिनीवर उभी असते आणि बार मारायचा असतो तो डोकं आणि मान यांवर. अंगावर मारलात तर जाड पिसं आणि छातीचं मांस छर्रे पिऊन टाकतात आणि पक्षी जखमी होऊन झाडीत पळतो. म्हणजे ही बंदूक रायफलीसारखी नेम धरून चालवायची आहे. पुढचं सगळं त्यातूनच येतं.

चोक आणि काडतूस

नळी २१ इंची असो की २८, चालेल. आखूड नळी झाडाला टेकून बसल्यावर सोयीची, एवढाच फरक. पट्टा लावा. चकाकणारा भाग कॅमोफ्लाज टेपने झाका. टेपमध्ये लाल, पांढरा, निळा रंग नको. नर टर्कीच्या डोक्याचे रंग तेच असतात आणि जंगलात तुमच्यासारखे आणखीही लोक बंदुका घेऊन बसलेले असतात.

चोक विकत घेताना आटे बघा. रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्ग ५०० या दोन्ही पंप बंदुकाच, पण आटे एकीचे वेगळे, दुसरीचे वेगळे. मॉसबर्ग ८३५ ची नळी तर आतून जास्त रुंद कोरलेली असते, त्यामुळे कंपनी तीच असूनही ५०० चा चोक तिला बसत नाही. १२ गेजच्या नळीचा आतला व्यास साधारण ०.७२९ इंच. फुल चोक तो ०.६९५ च्या आसपास आणतो. टर्कीचे चोक ०.६६० च्या जवळपास जातात. याच्याही खाली उतरण्याची हौस करू नका. शिशाचे छर्रे फार अरुंद वाटेतून दाबले गेले की चेपतात, चेपलेले भरकटतात आणि कागदावर मेदूवडा उमटतो: कडेला सगळं, मध्ये भोक. आणि टर्कीच्या चोकमधून पोलादी छर्रे किंवा स्लग (छर्र्यांऐवजी एकच मोठी गोळी) कधीही नाही.

काडतूस शिशाचं घ्यायचं तर नंबर ५, तीन इंची, पावणेदोन औंसाचं. एका औंसात नंबर ५ चे सुमारे १७० छर्रे, म्हणजे एका बारात तीनशेच्या आसपास. टंगस्टनचे टीएसएस छर्रे शिशापेक्षा दीडपटीहून जास्त घन असतात. त्यामुळे नंबर ९ चा बारीक दाणाही शिशाच्या नंबर ५ इतका आत शिरतो, आणि औंसामागे साडेतीनशेच्या वर मावतात. उत्तम वस्तू आहे, पण खिसा रिकामा करते. टीएसएस वापरणार असाल तर चोक त्याला चालतो का, हे चोकच्या कंपनीने लिहिलेलं असलं पाहिजे. चेंबर किती इंची आहे ते नळीवर कोरलेलं असतं. त्याहून लांब काडतूस घालू नका.

कागद

इथे मीही अडखळत होतो, आणि बहुतेकांची गाडी इथेच रुतते. कारण त्यांना सल्ला मिळतो तो असा: ४० यार्डांवर कागद लावा, बार काढा, जिथे सगळ्यात दाट भोकं दिसतील तिथे १० इंची वर्तुळ काढा आणि मोजा, शंभर भरली की झालं.

झालं नाही. तुम्ही फक्त छर्रे किती एकत्र राहतात ते मोजलंत. ते कुठे जातात हे मोजलंच नाही. वर्तुळात १४० छर्रे आहेत, पण वर्तुळ नेमाच्या पाच इंच वर आणि डावीकडे आहे, तर ती बंदूक टर्कीच्या डोक्यावरून वारा घालते. हे दोन वेगळे दोष आहेत, दोन वेगळी औषधं आहेत, आणि लोक दुसऱ्या दोषाला पहिल्याचं औषध देत राहतात. चोकवर चोक विकत घेतात.

तर असं करा. तीन फूट लांब-रुंद कागद, मध्ये रुपयाएवढा काळा ठिपका. कानांवर संरक्षण, डोळ्यांवर चष्मा. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेका. २० यार्डांपासून सुरुवात करा, हलक्या स्वस्त काडतुसांनी. एवढ्या जवळून मारा कुठल्या बाजूला ओढतो आहे ते स्पष्ट दिसतं. पण शेवटची जुळवणी त्याच काडतुसाने करायची जे शिकारीला नेणार आहात, कारण जड काडतुसाचा धक्का मारा हलवतो. मग ४० यार्डांवर जा. दर बाराला नवा कागद, चोक आणि काडतुसाच्या एकेका जोडीचे तीन बार. एका बारावरून निष्कर्ष काढणारा माणूस स्वतःला फसवतो.

आता प्रत्येक कागदावर दोन वर्तुळं, दोन्ही १० इंची. पहिलं ठिपक्याभोवती. दुसरं दाट जागेभोवती. दोन्हींत शंभरच्या वर असतील तर बंदूक तयार आहे, दुकानात परत जाऊ नका. दुसऱ्यात शंभर आहेत पण पहिल्यात नाहीत, तर चोक आणि काडतूस ठीक आहेत. चुकतंय ते नेम साधायचं साधन किंवा तुमचा गाल. दोन्हींत कमी असतील तर आणि तरच काडतूस बदला. तेवढ्याने भागलं नाही तर चोक. दोन्ही एकदम बदललेत तर काय कामी आलं ते कळणार नाही.

मारा सरकलेला असेल तर आधी गाल तपासा. नळीच्या टोकाला नुसता मणी असलेल्या बंदुकीत मागचं साधन म्हणजे तुमचा डोळा. गाल दस्त्यावरून अर्धा बोट उचलला की डोळा वर जातो आणि मारा वर जातो. टर्की चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, कारण पक्षी बघायला माणूस मान उंचावतोच. गाल घट्ट ठेवूनही मारा ठिपक्यावर येत नसेल तर मण्याच्या भरवशावर राहू नका. मागचा आणि पुढचा असे दोन भाग असलेली, सरकवता येणारी साइट (नेम धरायचं साधन) लावा, किंवा रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट. साइटचा मागचा भाग मारा जिकडे न्यायचा तिकडे सरकवायचा, पुढचा भाग उलट दिशेला. रेड डॉटवर एक एमओए (कोन मोजायचं एकक) म्हणजे ४० यार्डांवर ०.४ इंचाहून जरा जास्त. मारा चार इंच वर जात असेल आणि एक क्लिक एक एमओएची असेल, तर नऊ-दहा क्लिक खाली.

रेड डॉट बसवायला मॉसबर्ग ५०० च्या रिसीव्हरवर (नळीमागच्या, यंत्रणा असलेल्या धातूच्या पेटीवर) सहसा भोकं पाडलेलीच येतात, पण तो अ‍ॅल्युमिनियमचा असतो; स्क्रू आवळताना पैलवानकी नको. ८७० चा पोलादी असतो, भोकं मात्र बहुतेक वेळा नसतात. तिथे चापाच्या पिनांवर बसणारा खोगीर-माउंट कामी येतो.

शिकारीत वाळूची पिशवी नसते. म्हणून शेवटचे काही बार जमिनीवर बसून, पाठ टेकून, गुडघ्यावर बंदूक ठेवून काढा. बाहेर ज्या जॅकेटमध्ये जाणार ते अंगात हवं. जाड कापडाने दस्ता खांद्यापासून लांब जातो आणि मारा पुन्हा हलतो. आणि एक बार १५ यार्डांवरही. तिथे सगळे छर्रे मुठीएवढ्या जागेत पडतात, म्हणजे हाकेला अगदी जवळ आलेली टर्कीसुद्धा आरामात चुकते. ते एकदा कागदावर पाहिलेला माणूस जवळच्या पक्ष्यावर घाईने बार काढत नाही.

पंप

काडतूस बदलताना पुढची मूठ पूर्ण मागे, पूर्ण पुढे, जोरात. जपून हळूच ओढलीत की दुसरं काडतूस अडकतं. खोट्या काडतुसांनी, बंदूक खांद्यावरून न उतरवता, हात आपोआप चालेपर्यंत करा. मॉसबर्गची मूठ खडखडते. बसल्याजागी ती हलकी मागे धरून ठेवली की आवाज थांबतो. ८७० ची सेफ्टी टकटकते, तर बटण दोन्ही बाजूंनी बोटांत धरून सरकवा. मॅगझिनमध्ये दोनच मावतील असा प्लग (जागा अडवणारी दांडी) आहे ना, ते खोट्या काडतुसांनीच तपासा.

चोक बाराबारागणिक सैल होतो. हाताने घट्ट आवळून चोक आणि नळीवरून पेनाने एक आडवी रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की बंदूक रिकामी करून पुन्हा आवळा. ज्या जोडीने कागदावर शंभर भरले त्या चोकचं आणि काडतुसाचं नाव टेपवर लिहून दस्त्याला चिकटवा. पुढच्या वर्षी दुकानात तोच माणूस नवं काहीतरी घेऊन उभा असेल.