जॉ प्लेट घेताना खिशात लोहचुंबक ठेवा

खडी क्रशरची जॉ प्लेट, म्हणजे दगड चिरडणाऱ्या जबड्याची जाड पोलादी पाटी, दुकानात किलोवर मिळते, म्हणून सगळे आधी किलोचा भाव विचारतात. खरा हिशोब प्लेटची एक जोडी किती ब्रास खडी काढून देते, याचा. जुन्या जोडीचा आकडा वहीत नसेल तर आजपासून लिहायला लागा.

प्लेट मँगनीज स्टीलची असते, साधारण 12 ते 14 टक्के मँगनीज. 18 टक्केवालीही मिळते. हे पोलाद चुंबकाला धरत नाही. वरच्या पातळ थरावर थोडं ओढल्यासारखं वाटेल, तेवढं चालतं. म्हणून एखाद्या कोपऱ्यावर ग्राइंडर फिरवून आत लावून बघा. तिथेही चुंबक घट्ट बसला, तर माल घेऊ नका.

18 टक्केवाली महाग, पण सगळीकडे तीच चांगली असं नाही. हे पोलाद दगडाचा मार खाऊन वरून कडक होतं. आपल्या काळ्या पाषाणाचं मोठं डबर असेल तर ते जमतं. नुसता मऊ, बारीक माल घातला तर प्लेट कडक न होताच घासून जाते.

पाठ सपाट आहे का, फूटपट्टी टेकवून बघा. प्लेट डुगडुगली की तडकते. आणि भोक जुळत नाही म्हणून गॅस कटर लावू देऊ नका, तापवलं की मँगनीज स्टील ठिसूळ होतं. सरळ परत करा. खालचं टोक आधी झिजतं, त्यामुळे उलटी करून बसवता येणारीच प्लेट मागा.